पेटी कपाटावर जाऊ नये म्हणून

जून महिन्यात शाळा उघडल्या की अनेक घरांत एक नवी वस्तू येते. कधी ती हार्मोनियम असते, कधी तबल्याची जोडी, कधी बासरी. पाटावर स्वस्तिक काढून, श्रीफळ ठेवून तिचे स्वागत होते. आजी स्वतः शिवलेले कापड तिच्यावर घालते आणि पहिले काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सा-रे-ग-म ऐकावेच लागते. दिवाळीपर्यंत सूर अधूनमधून कानावर येतात. पुढच्या उन्हाळ्यात तेच वाद्य कपाटावर चढते आणि घरात एक वाक्य बोलले जाते, "त्याला मुळात आवडच नव्हती."

बहुतेक वेळा हे वाक्य खरे नसते. आवड होती म्हणूनच मुलाने हट्ट धरला होता. ती आवड संगीताच्या वर्गातही संपलेली नसते. ती संपते घरात, संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात, जेव्हा "बसलास का पेटीवर?" या प्रश्नाने रियाज सुरू होतो आणि डोळ्यांत पाणी येऊन संपतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड अशा बाजारपेठांच्या गावांतील व्यापारी कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी हात आखडता घेत नाहीत. वाद्य घेतात, वर्गाची फी भरतात, मुलाला नेऊन सोडतात. मात्र त्यानंतरचे, खरे महत्त्वाचे काम कोणाचे, हे स्पष्ट नसल्यामुळे सारा खर्च आणि मुलाची उमेद वाया जाते.

हिशोब मांडून पाहू

व्यापाऱ्याच्या घरात कोणतीही गोष्ट आकड्यांत मांडली की लवकर पटते. समजा, संगीताचा वर्ग आठवड्यातून दोनदा, तासभर भरतो आणि त्यात दहा मुले आहेत. गुरुजींनी प्रत्येकाकडे सारखे लक्ष दिले तरी एका मुलाच्या वाट्याला एका दिवशी सहा मिनिटे येतात, म्हणजे आठवड्याला बारा. त्या बारा मिनिटांत गुरुजी पाठ देऊ शकतात, बोटे कोठे ठेवायची ते दाखवू शकतात, एखादी चूक सांगू शकतात. तो पाठ हातात बसवण्याचे काम उरलेल्या दिवसांचे आहे आणि ते दिवस घरात जातात. वर्गात बी मिळते. पेरणी, पाणी आणि राखण घरची असते.

येथे बहुतेक आईवडील म्हणतात, "पण आम्हाला संगीतातले काहीच कळत नाही." ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. घरच्या रियाजात पालकाने शिकवायचे नसते. शिकवायला गुरुजी आहेत. त्याने वसुलीला आल्यासारखे समोर उभेही राहायचे नसते. त्याचे काम ऐकण्याचे आहे. रोज, थोडा वेळ, हातातला फोन बाजूला ठेवून, मुलाच्या शेजारी बसून ऐकणारे एक माणूस घरात असेल तर रियाज टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दुकानाच्या गादीवरही मुलगा प्रथम असाच तयार होतो. वडिलांच्या शेजारी बसून, पाहत, ऐकत, लहानसहान कामे करत. पहिल्याच दिवशी कोणी त्याच्या हाती खतावणी देत नाही.

सात स्वरांशी जुने नाते

संगीत म्हणजे अभ्यासातून वेळ काढून करायची चैन, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जैन परंपरेचा स्वरांशी संबंध फार जुना आहे. स्थानांगसूत्र आणि अनुयोगद्वारसूत्र या आगमग्रंथांत सात स्वरांचे विवेचन आढळते. दिगंबर परंपरेतील पार्श्वदेव यांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलश यांनी इ. स. १३५० मध्ये रचलेला 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे संगीतशास्त्राचे ग्रंथ आजही अभ्यासकांच्या उपयोगाचे आहेत. स्वराचा विचार आपल्या आचार्यांना अभ्यासाला योग्य वाटला होता, एवढे यावरून स्पष्ट होते.

अलीकडच्या काळातील उदाहरण संगीतकार रवींद्र जैन यांचे. त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९४४ रोजी अलीगढ येथे झाला. ते जन्मतः दृष्टिहीन होते. वडील इंद्रमणी जैन हे संस्कृतचे विद्वान आणि वैद्य. संगीत हा त्यांचा व्यवसाय नव्हता, पण मुलाचा कल कोठे आहे हे त्यांनी ओळखले आणि लहानपणीच त्याच्या संगीतशिक्षणाची व्यवस्था केली. बालवयात जिनमंदिरात भजने म्हणणारा हा मुलगा पुढे 'गीत गाता चल', 'चितचोर', 'अखियों के झरोखों से' या चित्रपटांचा आणि दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेचा संगीतकार झाला. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. प्रत्येक मूल रवींद्र जैन होणार नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. या उदाहरणातून घ्यायचे ते वडिलांचे वागणे. स्वतः गायक-वादक नसलेल्या एका पित्याने मुलाकडे लक्ष दिले.

कोणते वाद्य आणावे

जैन घरात वाद्य निवडताना आणखी एक प्रश्न येतो. इतरांना तो सुचणार नाही, पण घरातील आजी तो पहिल्या दिवशी विचारते, "याला चामडे लागते ना?" हा प्रश्न टाळू नये. तबला आणि पखवाज यांच्या पुड्या कातड्याच्या असतात आणि त्या ताणून धरणारी वादीही कातड्याचीच. हार्मोनियममध्ये भात्याच्या घड्यांवर आणि आतील झडपांवर पातळ चामडे लावण्याची पद्धत आहे. सतारीची घोडी परंपरेने हाडाची किंवा शिंगाची असते आणि व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात.

ज्या कुटुंबांना हे नको असेल त्यांच्यापुढे पर्याय आहेत. बासरी बांबूची असते. संतूर लाकडाचे आणि धातूच्या तारांचे. कृत्रिम पुडीचा तबला मिळतो, सतारीला कृत्रिम घोडी बसवता येते. हार्मोनियम बनवणाऱ्या कारागिराला आधीच सांगितले तर चामड्याच्या जागी दुसरे काय लावता येईल, याची चर्चा होऊ शकते. कृत्रिम पुडीचा नाद कातड्याच्या पुडीसारखा हुबेहूब येत नाही, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा. महत्त्वाचे एवढेच, की हा विचार वाद्य घरात येण्यापूर्वी व्हावा आणि मुलाच्या देखत व्हावा. वाद्य आणल्यानंतर सहा महिन्यांनी त्याच्या तबल्याकडे कोणी नाक मुरडले तर मुलाला वाटते की आपणच काहीतरी चुकीचे करत आहोत.

दुसरा विचार मुलाच्या शरीराचा. सात वर्षांच्या मुलाची बोटे मोठ्या बासरीच्या छिद्रांपर्यंत पोहोचत नाहीत. त्याला लहान बासरी द्यावी. हार्मोनियमवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता चालवतो. मांडी घालून बसल्यावर मुलाचा खांदा वर उचलला जात असेल तर खाली घडी केलेली सतरंजी घालून त्याला उंच बसवावे. 'हात दुखतो' ही तक्रार पुष्कळदा आळसाची नसते, बैठकीची असते.

तिसरी गोष्ट वाद्याच्या प्रकृतीची. परभणीच्या उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. या कोरड्या हवेत लाकूड आक्रसते, पेटीचा भाता हवा धरत नाही, तबल्याची पुडी ताणून सूर चढतो. पावसाळ्यात दमट हवेने तीच पुडी सैल पडून सूर उतरतो. बेसूर वाद्यावर रोज बसणाऱ्या मुलाचा कान बिघडतो आणि उत्साहही मावळतो. वाद्य खिडकीतल्या उन्हात किंवा कुलरच्या झोतासमोर ठेवू नये. वर्षातून एकदा जाणकाराला दाखवावे.

जागा ठरलेली, वेळ ठरलेली

सामायिकासाठी घरात एक जागा असते, एक आसन असते आणि अठ्ठेचाळीस मिनिटांची मर्यादा असते. त्या आसनावर बसल्यावर मन आपोआप शांत होऊ लागते, कारण शरीराला त्या जागेची सवय झालेली असते. रियाजालाही हेच लागू पडते. वाद्य पेटाऱ्यात, पेटारा माळ्यावर आणि माळ्याची किल्ली वडिलांकडे, अशी व्यवस्था असेल तर रोजचा रियाज होणार नाही. वाद्य कापडाखाली झाकलेले, पण हाताशी असावे. मुलाने मांडी घातली की वाजवता आले पाहिजे.

वेळ ठरवताना घराचा दिनक्रम पाहावा. सूर्यास्तापूर्वी जेवणारी अनेक घरे आहेत. तेथे जेवणानंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. भरल्या पोटी गाणे किंवा बासरी फुंकणे त्रासाचे असते. दिवेलागणीनंतरचा, दुकान वाढवून वडील घरी येण्यापूर्वीचा वेळ अनेकांना सोयीचा पडतो. काही घरांत शाळेपूर्वीची सकाळची पंधरा मिनिटे अधिक शांत असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावर सोयाबीन आणि कापूस येऊ लागला की वडिलांना रात्रीपर्यंत उसंत नसते. त्या महिन्यांत ऐकण्याचे काम आईने, आजोबांनी किंवा मोठ्या बहिणीने घ्यावे, पण कोणी तरी घ्यावे. चातुर्मासात संध्याकाळी प्रवचन असेल तर रियाज सकाळी न्यावा. वेळ बदलली तरी चालेल, मात्र ती आदल्या दिवशी ठरलेली असावी.

किती वेळ? सहा ते आठ वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटे पुरतात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस, आणि तीही दोन बैठकांत विभागली तर उत्तम. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई करू पाहणे निष्फळ ठरते. आठवड्याचे जेवण एका दिवशी जेवता येत नाही, तसेच हे. हाताने शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते, त्यामुळे सहा दिवसांचा थोडा थोडा रियाज आणि त्यामधल्या सहा रात्री यांचा उपयोग एका दिवसाच्या दीर्घ बैठकीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

ताळा जुळला नाही तर

आता मुख्य प्रश्न. त्या वीस मिनिटांत नेमके काय करायचे? बहुतेक मुले एकच करतात. पाठ पहिल्यापासून वाजवायला घेतात, मध्ये कोठेतरी चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. असे दहा वेळा झाले की पाठाची सुरुवात दहा वेळा घोटली जाते आणि अवघड जागा जशीच्या तशी राहते. शिवाय तेथे येऊन अडखळण्याचीच हाताला सवय लागते.

जमाखर्चाचा ताळा जुळला नाही तर कोणी सारी किर्द नव्याने लिहीत नाही. चुकलेली नोंद शोधतो, तेवढी दुरुस्त करतो आणि पुन्हा बेरीज करून पाहतो. रियाजही असाच करावा.

समजा, मुलगी हार्मोनियमवर 'सारेग, रेगम, गमप' हा अलंकार वाजवत आहे. चढताना ठीक जाते आणि उतरताना 'निधप' पाशी बोटे गोंधळतात. मग पूर्ण अलंकार थांबवावा. 'निधप' एवढेच तीन स्वर अगदी सावकाश वाजवावेत, इतके सावकाश की चुकणे कठीण व्हावे. कोणते बोट कोठे पडते ते पाहावे. सलग तीन वेळा बिनचूक आले की त्याच्या आधीचा 'सांनिध' जोडावा. तो सांधा जमला की पुढचा 'धपम' घ्यावा. शेवटी एकदाच संपूर्ण अलंकार. या साऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण त्या दिवशी एक गाठ खरोखर सुटलेली असते.

तबल्याच्या विद्यार्थ्याने हात लावण्यापूर्वी बोल तोंडाने म्हणावेत. याला पढंत म्हणतात. हाताने टाळी-खाली दाखवत त्रितालाच्या सोळा मात्रा मोजायच्या आणि मुखाने बोल म्हणायचे. जो बोल तोंडात अडखळतो तो हातातही अडखळणारच. 'धा धा तिट' मधला 'तिट' घाईत गिळला जात असेल तर लय निम्मी करावी. लय वाढवण्याचा मोह मुलांना फार असतो, कारण वेगाने वाजवले की पाहुणे वाहवा करतात. घरातील ऐकणाऱ्याने मात्र सावकाश, स्वच्छ वाजवण्याला दाद द्यावी.

वीस मिनिटांची साधारण आखणी अशी करता येते. पहिली तीन मिनिटे तंबोऱ्याच्या सुराबरोबर षड्ज. तंबोरा नसेल तर मोबाइलवरील तंबोरा गुरुजींनी ठरवून दिलेल्या पट्टीत लावावा आणि मग तो मोबाइल नजरेआड ठेवावा. त्यानंतर पाच मिनिटे अलंकार किंवा कायदा. पुढची सात मिनिटे आजच्या एका अवघड जागेसाठी. शेवटची पाच मिनिटे मुलाच्या आवडीची. मग ते स्तवन असो, आरती असो वा चित्रपटातील गाणे. रियाजाचा शेवट नेहमी जमणाऱ्या गोष्टीने व्हावा. दुसऱ्या दिवशी वाद्याजवळ येताना मुलाला तोच शेवट आठवत असतो.

ही केवळ समजूत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून 'दहा हजार तास' हा आकडा जगभर पसरला आणि तो देताना मूळ मुद्दा मागे पडला. त्या संशोधकांचा भर तासांइतकाच रियाजाच्या प्रकारावर होता. ठरावीक उद्दिष्ट, पूर्ण लक्ष, चुकांची दुरुस्ती आणि मध्ये पुरेशी विश्रांती. सर्वोत्तम विद्यार्थी सलग दिवसभर वाजवत बसत नसत. ते मर्यादित बैठका करत आणि झोपही नीट घेत.

कारखानदाराच्या मुलाची गोष्ट

पालकांच्या भूमिकेचा सर्वांत खोल विचार ज्याने केला तो माणूसही एका उद्योजक घरातलाच होता. जपानमधील नागोया येथे १८९८ मध्ये जन्मलेले शिनिची सुझुकी यांच्या वडिलांचा व्हायोलिन बनवण्याचा कारखाना होता. लहानपणापासून वाद्ये भोवती असूनही सुझुकींनी वाजवायला सुरुवात केली ती वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, एका थोर वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकून. पुढे लहान मुलांना शिकवताना त्यांच्या मनात एक साधा विचार आला. जपानमधील प्रत्येक मूल जपानी बोलते. ही अवघड भाषा ते कोणत्या वर्गात शिकले? आईच्या तोंडून ऐकून ऐकून, चुकत चुकत, आणि प्रत्येक नव्या शब्दाला घरातून कौतुक मिळवत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो या गावी त्यांनी या विचारावर आपली शिक्षणपद्धती उभी केली. मुलाच्या वर्गाला आई किंवा वडिलांनी हजर राहायचे, ते पाहायचे आणि सुरुवातीला एखादा पाठ स्वतःही शिकायचा. उत्तम वादक होण्यासाठी नव्हे. धनुष्यासारखा गज धरताना मनगट किती दुखते हे कळावे म्हणून, आणि आईला करताना पाहून मुलालाही हात लावावासा वाटावा म्हणून.

परभणीतल्या आईला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. महिन्यातून एकदा तरी वर्गात मागे बसावे. आज कोणती एक गोष्ट सुधारायची, एवढे गुरुजींना विचारावे. कधी मुलालाच म्हणावे, "मला शिकव ना, हा सा कुठला?" आईची बोटे चुकताना पाहून मुले खळखळून हसतात आणि तिला समजावताना त्यांचा स्वतःचा पाठ पक्का होतो.

कसे बोलावे

वडील दुकानातून थकून येतात. मुलगा वाजवत असतो. ते बूट काढता काढता म्हणतात, "अजून तेच? महिनाभर तेच वाजवतोयस." या एका वाक्याने आठवड्याची मेहनत पुसली जाते. तेथेच बसून, दोन मिनिटे ऐकून, "कालच्यापेक्षा आज ती मधली जागा सरळ गेली, परत एकदा ऐकव," असे म्हटले तर मुलगा तीच ओळ पाच वेळा वाजवतो आणि त्याला तो रियाज वाटतही नाही.

'छान' या शब्दानेही फारसे काही साधत नाही. काय छान, ते सांगावे. "लय पळाली नाही," "भाता एकसारखा चालला," "चुकल्यावर थांबला नाहीस," अशी दाद ऐकणाऱ्याचे लक्ष होते हे सिद्ध करते. चूक जाणवली तर लगेच टोकू नये. ओळ पूर्ण होऊ द्यावी आणि विचारावे, "तुला स्वतःला कुठे अडखळल्यासारखे वाटले?" मुलांना बहुधा ती जागा ठाऊक असते. आपली चूक आपल्याच कानाने ओळखता येणे, हेच तर शिकायचे असते.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. पाहुण्यांसमोर अचानक "वाजवून दाखव" म्हणू नये, आधी विचारावे. आणि रियाज ही शिक्षा होऊ देऊ नये. "गणितात गुण कमी पडले, आता तास पेटीवर बस," असे एकदा जरी घडले तरी पेटीकडे पाहण्याची मुलाची नजर बदलते.

रियाजाचा रोजमेळ

दुकानाचा रोजमेळ रात्री लिहिल्याशिवाय झोप येत नाही, अशी शिस्त ज्या घरात आहे तेथे रियाजाची वहीही सहज टिकू शकते. साधी शंभर पानी वही पुरे. रोज दोन ओळी, मुलाच्या हातच्या. आज कोणती जागा घेतली? ती सुटली की उद्यावर राहिली? मिनिटे लिहिलीच पाहिजेत असे नाही. मिनिटे मोजली की मुले घड्याळाकडे पाहत वाजवतात. शनिवारी ती वही गुरुजींना दाखवावी. तीन महिन्यांनी मागची पाने उलटली की 'निधप' एकेकाळी किती अवघड वाटत होते, हे मुलालाच वाचायला मिळते. कोणत्याही बक्षिसापेक्षा हा पुरावा मोठा असतो.

परीक्षांविषयीही समतोल हवा. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज महाराष्ट्रभर हजारो मुले देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांमुळे शिक्षणाला क्रम येतो, हा मोठा लाभ. पण प्रमाणपत्रासाठी वर्षभर परीक्षेपुरतेच राग घोटले तर मूल पास होते आणि दुसऱ्या दिवशी वाद्य बंद करते. परीक्षेच्या पाठाबरोबर घरात कामाला येईल असे काहीतरी प्रत्येक महिन्यात शिकावे. आजीच्या रोजच्या स्तवनाला साथ करता आली की शिकण्याचे कारण मुलाला निराळे सांगावे लागत नाही.

नको वाटते तेव्हा

प्रत्येक शिकणाऱ्याच्या वाटेवर असा काळ येतो की मूल "मला नको" म्हणते. तो साधारणपणे नवलाई ओसरल्यावर आणि हात पूर्ण वळण्यापूर्वी येतो. त्या वेळी दोन टोके टाळावीत. लगेच वर्ग सोडवू नये आणि दरडावून बसवूही नये. आधी कारण शोधावे. पाठ फार अवघड आहे का? वाद्य बेसूर आहे का? वर्गात कोणी हसले का? परीक्षेचे दिवस आहेत का? रियाज पाच मिनिटांवर आणावा, पण अखंड ठेवावा. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मुलाने उपवास, एकासन केले असेल तर त्या दिवशी नुसते ऐकावे, किंवा बसून पढंत करावी. तोही रियाजच आहे.

आणि हे सारे करूनही मुलाला खरोखर नको असेल तर तेही ऐकावे. "दिवाळीपर्यंत मनापासून करू, मग तू आणि आम्ही बसून ठरवू," असे सांगावे आणि ठरल्या दिवशी खरोखर बसावे. मूल थांबले तर वाद्य सन्मानाने दुसऱ्या शिकणाऱ्या मुलाला द्यावे. कपाटावर धूळ खात पडलेली पेटी हा परिग्रहच, आणि मुलाला ती रोज आपल्या अपयशाची आठवण करून देते. शिकलेले काही वाया जात नाही; सूर ओळखणारा कान त्याच्यापाशी राहतो. पुढे तिसाव्या वर्षी तो पुन्हा वाद्याकडे वळू शकतो, जर त्याच्या मनात घरच्या रियाजाची आठवण कडू नसेल तर.

पर्युषण संपले की सारी घरे क्षमायाचना करतात. नातेवाइकांना, व्यापारातल्या मंडळींना, ज्यांच्याशी वर्षभरात बोलणेही झाले नाही अशांनाही निरोप जातात. त्या यादीत घरातल्या लहानग्याचे नाव बहुधा नसते. पेटीपाशी बसलेल्या मुलाला थकव्याच्या भरात जे कठोर शब्द बोलले गेले, त्यांची क्षमा एखाद्या आईने किंवा वडिलांनी त्याच्याजवळ बसून मागितली, तर दुसऱ्या दिवशी कापड बाजूला सारून पहिला षड्ज लावायला तो हाकेची वाट पाहणार नाही. त्याने सूर लावला की शेजारी बसावे आणि ऐकावे.